नळी की नयी?

आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी अनुनाद-नळीचा प्रयोग होतो. मेहकरजवळच्या खेड्यातून येणारा एक विद्यार्थी एकदा मला सांगत होता, "सर, नयीतलं पानी खाली केलं का आवाज मोठा होते." शेजारच्या टेबलावर हशा पिकला. निरीक्षण अगदी बरोबर होते; हसू आले ते 'नयी'ला. त्यानंतर तासभर त्याने तोंड उघडले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, यात हसण्यासारखे काय होते, ते त्या नळीलाच विचारू. ५१२ हर्ट्झचा नादकाटा तिच्या तोंडाशी धरून पाणी खाली खाली नेले, की हवेचा स्तंभ साधारण १६ सेंटिमीटर होताच आवाज एकदम वाढतो. एका टोकाला बंद असलेल्या नळीत तरंगलांबीचा चौथा भाग मावला म्हणजे अनुनाद होतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून गणित करून पाहा. उत्तर थोडे जास्त येईल, कारण नळीच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही कंप पावते.

आता गंमत पाहा. प्रौढ पुरुषाच्या स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतचा मार्गही सुमारे १७ सेंटिमीटरच असतो, आणि तोही एका टोकाला जवळजवळ बंद! जीभ सैल सोडून नुसता 'अ' म्हटला, तर ५००, १५०० व २५०० हर्ट्झच्या आसपासची कंपने त्यात बळावतात. मात्र ही नळी काचेची नाही. जीभ हलली की तिचा आकार बदलतो, आणि आकाराबरोबर अनुनादही.

'अळा' म्हणून पाहा. जिभेचे टोक मागे वळून क्षणभर टाळूला लागते, हवा बाजूंनी निसटते आणि तिसरा अनुनाद खाली उतरतो. आता 'अया' म्हणा. टोक कुठेच लागत नाही. जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो आणि दुसरा अनुनाद २००० हर्ट्झच्या आसपास किंवा वर चढतो. दोन्ही हालचाली तितक्याच नेमक्या आहेत.

वऱ्हाडीत डोळ्याचा डोया, शाळेची शाया, जवळचे जवय होते. पण 'गेला'चे 'गेया' कोणी म्हणत नाही! जीभ आळशी असती, तर 'ल'ही सुटला नसता. 'काळा' आणि देह या अर्थाची 'काया' एकच ऐकू येतात खरी, पण बैल काया आहे म्हटल्यावर घोटाळा कोणाचाच होत नाही. (घरी आईशी बोलताना मीही 'जवय'च म्हणतो.)

दूर स्पेनमध्येही असेच घडले. तिथला 'ल' आपल्या 'ळ'हून वेगळा, टाळूवरचा. पण घोड्याला पूर्वी 'काबाल्यो' म्हणत, तिथे आज बहुतेक लोक 'काबायो' म्हणतात. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा १९०५ साली निघालेला सातवा खंड मराठीचा आहे. वऱ्हाडीची नोंद त्यात पुण्याच्या बोलीबरोबरच आहे.

त्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या. त्या मुलाच्या वहीत, सुवाच्य अक्षरात, सगळीकडे 'नळी' असेच लिहिलेले होते.