चुलीपुढे अडलेला श्वास

‘विडीला आयुष्यात हात लावला नाही, मग सीओपीडी कसा झाला?’ चुलीपुढे उमर गेलेल्या बायकांच्या घरचे विचारतात तो हा प्रश्न अगदी रास्त आहे. सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांत हवा अडण्याचा दीर्घकालीन आजार, धूम्रपानाचाच, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की ‘विडी ओढत नाही’ म्हटलं की धाप वयावर नाहीतर दम्यावर ढकलली जाते. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हिशेब मांडला: जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूड-गोवऱ्यांचा धूर घेणारे ३०० कोटी.

सीओपीडीत हवा अडते ती बाहेर पडताना. फुप्फुसांतल्या वायुकोशांच्या भिंती मांडवाच्या ताणलेल्या दोऱ्यांसारख्या बारीक श्वासनलिकांना उघडं धरतात. त्या विरल्या की उच्छ्वासाबरोबर नळी मिटते, हवा आत कोंडते आणि पुढच्या श्वासाला छातीत जागाच उरत नाही. चुलीच्या धुराने भिंती त्यामानाने कमी विरतात, पण नळ्याच सुजून जाड होतात. अशा नळ्या असंख्य, त्यामुळे बऱ्याच निकामी होईपर्यंत काही जाणवत नाही. म्हणून मोजायलाच हवं. जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली स्पायरोमीटरने छाती भरून घेतलेली हवा जास्तीत जास्त किती बाहेर सोडता येते ते मोजलं. ती किती वेगाने बाहेर पडते, हा खरा कळीचा प्रश्न १९४७ साली फ्रान्सच्या तिफनो यांनी धसास लावला. निदान अजूनही त्यांच्याच मापावर चालतं: श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊनही, जोर लावून फुंकलेल्या एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडली, तर अडथळा कायमचा. दम्यात तो बहुधा औषधाने बराचसा सुटतो.

आता उज्ज्वला योजनेचा गॅस आलाय, मग हा प्रश्न जुना झाला, असं कुणी म्हणेल. गॅसने धूर घटला, हे मोठंच काम झालं. पण सिलिंडर घरात असला तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी अनेक घरांत चुलीवरच होते, आणि विरलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. शिवाय फुप्फुसं विशीपर्यंत वाढत असतात. आईच्या मांडीवर धूर घेणारं मूल मुळातच तोकड्या भांडवलावर मोठं होतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीओपीडीच्या जवळपास निम्म्या रुग्णांची फुप्फुसक्षमता चाळिशीच्या आतच कमी होती.

चुलीचा धूर मोजणार कसा, या आक्षेपालाही उत्तर आहे. चुलीपुढचे रोजचे तास गुणिले वर्षं, हे माप संशोधक वापरतातच: रोज चार तास, चाळीस वर्षं, म्हणजे १६०. केसपेपरवर विडीच्या रकान्याशेजारी एवढा आकडा लिहायला अर्धं मिनिट पुरतं, आणि तो मोठा दिसला की त्या बाईला स्पायरोमीटरवर फुंकायला लावायचं.