पाणी ‘मर्यादेत’ आहे, म्हणजे नेमके काय?

पाण्याच्या तपासणीचा अहवाल हातात आला की आपली नजर दोन रकान्यांवर जाते. एका रकान्यात पाण्यात सापडलेले प्रमाण असते, शेजारच्या रकान्यात कायद्याने ठरवलेली मर्यादा. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान असला की आपण निश्चिंत होतो. वर्गात मुलांनाही आपण असेच सांगतो : मर्यादेच्या आत असेल ते सुरक्षित, बाहेर असेल ते दूषित. जणू त्या आकड्याच्या अलीकडे अमृत आणि पलीकडे विष.

ही समजूत किती अपुरी आहे हे अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराच्या अनुभवातून दिसते. २०१४ आणि २०१५ साली तिथल्या अनेक घरांच्या नळाच्या पाण्यात शिसे उतरत होते, आणि कागदावर मात्र शहराचे पाणी मर्यादेत होते. हे कसे घडले ते समजायला थोडे रसायनशास्त्र आणि शाळेतले अंकगणित पुरते. म्हणूनच शिक्षकांनी हा विषय जरा बारकाईने पाहावा असे आम्हाला वाटते.

शहराने पाणी बदलले

तेव्हा फ्लिंटची लोकसंख्या सुमारे एक लाख होती. अनेक वर्षे या शहराला ह्यूरॉन सरोवराचे पाणी डेट्रॉइट शहराच्या यंत्रणेकडून शुद्ध होऊन मिळत असे. शहर आर्थिक अडचणीत होते. खर्च वाचवण्यासाठी, नवी जलवाहिनी पूर्ण होईपर्यंत, शहरातूनच वाहणाऱ्या फ्लिंट नदीचे पाणी वापरायचे ठरले. २५ एप्रिल २०१४ रोजी हा बदल झाला.

आता नळ्यांकडे वळू. रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंत येणारी नळी जुन्या वस्त्यांत पुष्कळदा शिशाची असे. शिसे मऊ असते, सहज वाकते, गंजून फुटत नाही. म्हणून रोमन काळापासून ते नळ्यांसाठी वापरात आहे. शिशाचे लॅटिन नाव प्लंबम. आपला ‘प्लंबर’ हा शब्द त्यातूनच आला, आणि आवर्तसारणीतील शिशाची ‘पीबी’ ही संज्ञाही त्याच नावावरून. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी नव्या शिशाच्या नळ्या घालण्यास १९८६ साली कायद्याने बंदी आली, पण आधी जमिनीत गेलेल्या नळ्या तिथेच राहिल्या.

मग इतकी वर्षे त्या पाण्यातून लोकांच्या पोटात फारसे शिसे का गेले नाही? कारण नळीच्या आतल्या बाजूस हळूहळू एक पातळ खपली धरते. पाण्यातील कार्बोनेट आणि फॉस्फेट यांच्याशी शिशाचा संयोग होऊन जवळजवळ न विरघळणारे क्षार तयार होतात व ते नळीला आतून अस्तरासारखे चिकटून राहतात. डेट्रॉइटहून येणाऱ्या पाण्यात मुद्दाम थोडे ऑर्थोफॉस्फेट घातलेले असे, ते याच अस्तरासाठी.

नदीचे पाणी सुरू झाल्यावर हे फॉस्फेट घातले गेले नाही. शिवाय नव्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण जास्त होते. गाळ खाली बसवण्यासाठी वापरलेल्या फेरिक क्लोराइडने त्यात भरच पडली. क्लोराइड जास्त आणि सल्फेट कमी असलेले पाणी धातूला अधिक झोंबते. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या तिथल्या इंजिन कारखान्याने हे पाणी घेणे थांबवले, कारण त्याने यंत्राचे भाग गंजत होते. लोखंडाला न मानवणारे पाणी घरोघरी मात्र प्यायले जात होते.

एकातून दुसरा दोष

क्षरणामुळे केवळ शिसेच पाण्यात उतरले असे नाही. शहरातील मोठ्या जलवाहिन्या लोखंडाच्या होत्या. गंजणारे लोखंड पाण्यातील क्लोरीन खाऊन टाकते. क्लोरीन संपले की जंतूंना मोकळे रान मिळते. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०१४ मध्ये पाण्यात विष्ठेतून येणारे जिवाणू सापडले आणि पाणी उकळून पिण्याच्या सूचना निघाल्या. उपाय म्हणून क्लोरीन वाढवले. पण नदीच्या पाण्यात सडलेल्या पालापाचोळ्याचे सेंद्रिय पदार्थ असतात. त्यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगे तयार होतात. क्लोरोफॉर्म हे त्यांपैकीच एक. त्यांनीही मर्यादा ओलांडली, आणि जानेवारी २०१५ मध्ये तशी नोटीस नागरिकांना मिळाली. याच काळात त्या परिसरात लिजिओनेअर या गंभीर न्यूमोनियाची सुमारे ९० माणसांना लागण झाली व किमान १२ जण दगावले.

पाणी उकळण्याच्या सूचनेबाबत एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि शिसे भांड्यातच उरते. म्हणजे त्याचे प्रमाण किंचित वाढते. दोष कोणता आहे हे कळल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही.

मर्यादा ठरते कशी?

अमेरिकेत नळाच्या पाण्याच्या मर्यादा संघराज्याचे मध्यवर्ती सरकार, तेथील भाषेत फेडरल सरकार, ठरवते. त्यासाठीचा सुरक्षित पेयजल कायदा १९७४ चा आहे व ते काम पर्यावरण संरक्षण संस्थेकडे आहे. ही संस्था प्रत्येक दूषकासाठी दोन आकडे लिहिते. पहिला आकडा उद्दिष्टाचा : केवळ आरोग्याचा विचार केला तर किती असावे? दुसरा आकडा सक्तीचा : उपलब्ध तंत्र, मोजण्याची क्षमता आणि खर्च पाहता किती पाळता येईल?

अर्सेनिकचे उदाहरण घेऊ. त्याचे उद्दिष्ट शून्य आहे, कारण ते कर्करोगकारक आहे. सक्तीची मर्यादा मात्र दीर्घकाळ लिटरला ५० मायक्रोग्रॅम होती. २००१ साली ती १० करण्याचे ठरले आणि २००६ पासून ती लागू झाली. ३ मायक्रोग्रॅमपर्यंत उतरणे तंत्राच्या दृष्टीने शक्य असल्याचे संस्थेचे मत होते. पण खर्च आणि लाभ यांचा हिशेब करून १० हा आकडा निवडला गेला. म्हणजे मर्यादा हा निसर्गनियम नव्हे, ती एक तडजोड आहे. तडजोड म्हणून ती टाकाऊ ठरत नाही, पण ती तडजोड आहे हे विसरून चालत नाही.

मर्यादा कशी मोजायची हेही दूषकागणिक बदलते. ट्रायहॅलोमिथेनची मर्यादा ८० मायक्रोग्रॅम आहे, पण ती वर्षभराच्या सरासरीला लागू होते, कारण त्यांचा धोका दीर्घकाळ पीत राहण्याचा आहे. नायट्रेटचे तसे नाही. त्याने तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती थोड्या दिवसांतच घटू शकते, म्हणून तिथे वर्षाच्या सरासरीची वाट पाहत नाहीत. नायट्रेटची अमेरिकन मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आणि भारतीय मानकातील ४५ मिलिग्रॅम. म्हणजे आपली साडेचार पट ढिली? नाही. तिथे केवळ नायट्रोजनचे वजन मोजतात, आपण संपूर्ण नायट्रेटचे मोजतो. नायट्रोजनचा अणुभार १४ आणि नायट्रेटचा भार ६२. १० ला ६२ ने गुणून १४ ने भागले की ४४ च्या वर उत्तर येते. आकड्याशेजारचे एकक वाचले नाही तर आकडा फसवतो.

शिशाचे वेगळे गणित

शिशाचेही उद्दिष्ट शून्यच आहे. शिसे शरीरात कॅल्शियमची जागा घेते, हाडांत साठते, आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला कायमची इजा करते. बुद्धी, एकाग्रता, वागणूक यांवर त्याचा परिणाम होतो. रक्तातील शिशाची अमुक एक पातळी निर्धोक, असे आज म्हणता येत नाही.

पण शिसे शुद्धीकरण केंद्रातून येत नाही, ते घराच्या नळीतून येते. एका घरात १, तर शेजारच्या घरात १०० असे असू शकते. म्हणून १९९१ च्या नियमाने शिशाला नेहमीसारखी कमाल मर्यादा न लावता एक ‘कृती-पातळी’ ठरवली : लिटरला १५ मायक्रोग्रॅम. दहा लाख लिटरच्या टाकीत १५ ग्रॅम, इतके हे प्रमाण. शहराने जोखमीच्या घरांतून, रात्रभर नळीत साचलेल्या पाण्याचा पहिला लिटर घ्यायचा, आलेले आकडे चढत्या क्रमाने मांडायचे, आणि नव्वद टक्के नमुने ज्याच्या आत बसतात तो आकडा पाहायचा. तो १५ च्या वर गेला तर शहराने उपाय सुरू केले पाहिजेत.

याचे दोन अर्थ नीट लक्षात घेऊ. एक, १५ हा आकडा आरोग्यावरून आलेला नाही. क्षरण आटोक्यात ठेवून शहरांना काय साधता येईल यावरून तो आला. दोन, शंभरातील दहा घरांत पाणी कितीही वाईट असले तरी शहर नियमात बसू शकते.

दोन नमुन्यांची किंमत

२०१५ च्या पहिल्या सहामाहीत फ्लिंटमध्ये ७१ नमुने घेतले गेले. त्यांपैकी ८ नमुने १५ च्या वर होते. ८ भागिले ७१ म्हणजे ११.३ टक्के. दहा टक्क्यांहून जास्त नमुने वर, म्हणजे कृती-पातळी ओलांडली. त्यानंतर राज्याच्या अधिकाऱ्यांनी दोन नमुने वगळायला लावले. एक होता घर नसून व्यवसायाची जागा असल्याच्या कारणाने, आणि दुसरा घरात फिल्टर बसवलेला असल्याच्या कारणाने. पहिल्यात शिसे २० मायक्रोग्रॅम होते, दुसऱ्यात १०४. उरले ६९ नमुने, त्यांत ६ वर. ६ भागिले ६९ म्हणजे ८.७ टक्के. अहवालात शहराचा आकडा ११ मायक्रोग्रॅम लागला. पाणी ‘मर्यादेत’ आले. नळातले पाणी होते तसेच होते.

१०४ चा तो नमुना लीॲन वॉल्टर्स या गृहिणीच्या घरचा होता. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. व्हर्जिनिया टेकचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांच्या प्रयोगशाळेने त्यांच्या घरचे नमुने तपासले, तेव्हा एकात १३,००० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे सापडले. पुढे या गटाने नागरिकांच्याच मदतीने २५२ घरांचे नमुने गोळा केले. त्यांचा नव्वद टक्क्यांचा आकडा २७ आला. सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी रुग्णालयातील नोंदींवरून दाखवले की पाच वर्षांखालील मुलांमध्ये रक्तात जास्त शिसे असलेल्यांचे प्रमाण पाणी बदलल्यानंतर २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेले होते. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी शहराने पुन्हा डेट्रॉइटचे पाणी घेतले. जानेवारी २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली. मुलांच्या शरीरात गेलेले शिसे मात्र नळ बदलून परत येत नाही.

नमुना घेण्याच्या रीतीतही आकडा दडलेला असतो. आदल्या रात्री नळ काही मिनिटे वाहू दिला, तोंडाशी लहान असलेली बाटली वापरल्याने नळ हळू सोडला, किंवा तोटीची जाळी काढून ठेवली, तर शिसे कमी दिसते. या तिन्ही गोष्टी टाळाव्यात अशी सूचना मध्यवर्ती संस्थेने फेब्रुवारी २०१६ मध्ये दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या नियमाने कृती-पातळी १० वर आणली आणि बहुतेक शहरांना शिशाच्या नळ्या बदलण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली. भारतीय मानकातही शिशाची मर्यादा १० मायक्रोग्रॅमच आहे. त्या आकड्यालाही वर सांगितलेलेच प्रश्न लागू पडतात.

वर्गात करून पाहा

मुलांना वीस घरांचे काल्पनिक आकडे द्या : अठरा घरांत ५, आणि दोन घरांत ३००. सरासरी काढायला सांगा, ती ३४.५ येईल. मग आकडे चढत्या क्रमाने मांडून अठरावा, म्हणजे नव्वद टक्क्यांचा आकडा पाहायला सांगा. तो ५ येईल. पाणी तेच, एका रीतीने शहर नापास, दुसऱ्या रीतीने उत्तम गुणांनी पास. आता ३०० वाले एक घर वाढवा आणि एकवीस घरांतले एकोणिसावे पाहा. शेवटी विचारा : त्या दोन घरांत तान्ही मुले असतील तर कोणता आकडा सांगणे योग्य?

या प्रश्नाचे एकच बरोबर उत्तर नाही. पण ‘पाणी मर्यादेत आहे’ असे कोणी म्हटले की कोणती मर्यादा, कुठल्या नळाचे पाणी, नमुना कसा घेतला आणि हिशेब कसा केला, हे चार प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागली, तर विज्ञानाचा तो तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.