निळा माशीमार दिसला? आधी गळा बघा!

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच चुकीने करतो.

आपल्या भिवंडी तालुक्यात, वज्रेश्वरीजवळ, बांबूच्या सावलीत एक निळा पक्षी दिसला. चिमणीपेक्षा जरा लहान, छाती नारिंगी. फांदीवरून झेप घ्यायची, उडता किडा पकडायचा, परत येऊन बसायचं. म्हणजे माशीमार, फ्लायकॅचर, एवढं नक्की. मी ईबर्डवर 'ब्लू-थ्रोटेड फ्लायकॅचर' टाकून मोकळा! मग नोंदी तपासणाऱ्यांचा मेसेज आला: फोटो आहे का? फोटो झूम केला आणि चूक कळली. तो टिकेलचा निळा माशीमार होता.

फरक गळ्यात आहे. ब्लू-थ्रोटेड नराचा गळा निळा असतो. टिकेलच्या नराचा नारिंगी रंग जवळजवळ चोचीखालूनच सुरू होतो, छातीवर पसरतो आणि पोटाशी पांढरा होतो. सावलीत गळा काळपट दिसतो, तिथेच मी फसलो. मादी बघायची तर पाठ बघा: टिकेलची फिकट निळसर, ब्लू-थ्रोटेडची तपकिरी.

आणखी दोन निळे गोंधळात टाकतात. व्हर्डिटर फ्लायकॅचर अख्खा हिरवट निळा, डोळ्यापुढे काळा डाग. ब्लॅक-नेप्ड मोनार्क नराच्या मानेमागे काळा ठिपका. दोघांत नारिंगी अजिबात नाही.

महिनाही बघा. टिकेल आपल्याकडे बारा महिने राहतो. ब्लू-थ्रोटेड हिमालयात वीण करतो, इकडे येतो तो हिवाळ्यात. म्हणजे जूनमध्ये दिसलेला बहुतेक टिकेलच. आवाजही रेकॉर्ड करा: बारीक, धातूसारखी किणकिण, पटापट वरखाली होणारी.

आता तुम्ही म्हणाल, एका नावाने काय बिघडतं? २०२३चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ईबर्डवरच्या नोंदींतून तयार झाला. ९४२ जातींचा आढावा त्यात आहे. कोणता पक्षी कमी होतोय, कोणाला जपायला हवं, हे त्यावरून ठरतं. म्हणजे तुमच्या-माझ्या मोबाईलमधली नोंद तिथपर्यंत पोचते. चुकीची असेल तर चूकही पोचते.

मी माझी नोंद दुरुस्त केली. तुम्हाला खात्री नसेल तर नुसतं 'फ्लायकॅचर' लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर कान उघडे ठेवा!