अलिबागची खानावळ आणि पांढरा कांदा

अलिबागला आलात की किनाऱ्यावरच्या चकचकीत हॉटेलांआधी गावातली खानावळ गाठा. सुरमईची तुकडी मागवा. रव्यात घोळवून तव्यावर तळलेली, कडेला कुरकुरीत, काट्यालगत मात्र ओलसर. सोबत तांदळाची भाकरी, नारळाचं कालवण, सोलकढी.

पण माझा खरा जीव ताटातल्या कांद्याच्या फोडीवर! हा अलिबागचा पांढरा कांदा. तिखटपणा कमी, चव गोडसर. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. खंडाळे, कार्ले भागात भाताच्या कापणीनंतर तो लावतात आणि वाळलेल्या पातीची वेणी घालून माळा विकतात.

१ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, म्हणून त्याआधीच या. परतताना रस्त्याकडेच्या शेतकरी ताईंकडून कांद्याची एक माळ नक्की घ्या.