प्लास्टरपासून व्यायामापर्यंत

पाय मुरगळला की आंबेहळद-तुरटीचा लेप, वर घट्ट पट्टी आणि कुणा जाणत्याकडून मालिश, हा आपल्याकडे कबड्डीच्या मैदानांवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपचार. लेपाने बरं वाटायचं. ताजी दुखापत चोळल्याने सूज मात्र वाढायची. दवाखान्यात गेलंच तर प्लास्टर. काही आठवड्यांनी ते कापलं की आत दिसायची बारीक झालेली पोटरी आणि आखडलेला घोटा.

१९७८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंचावर ठेवणं ही चतुःसूत्री मांडली. ती जगभर खेळाडूंच्या तोंडी बसली. २०१४ मध्ये मर्किन यांनीच लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरं व्हायला उलट उशीर लागू शकतो. आपलंच गाजलेलं सूत्र मागे घेणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

गुडघ्याची गोष्ट निराळी. १९६२ मध्ये टोकियोत मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीतून गुडघ्यातल्या गादीचा फाटका भाग काढला आणि पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचं युग आलं. एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध, तुटला की ऑपरेशन, हे समीकरणच झालं. २०१० मध्ये स्वीडनमधल्या १२१ तरुणांवरच्या अभ्यासाने त्याला धक्का दिला. काहींची लगेच शस्त्रक्रिया झाली. बाकीच्यांनी आधी व्यायाम केला, गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिकांना ऑपरेशन लागलंच नव्हतं. गुडघा वारंवार निसटत असेल तर शस्त्रक्रिया हवीच; पण व्यायाम दोन्ही वाटांवर चुकत नाही.

आणि नेमका तोच आपल्याकडे अर्धवट सुटतो. ऑपरेशनसाठी मंडळ वर्गणी काढतं, फिजिओथेरपीसाठी कुणी काढत नाही. दुखायचं थांबलं, की पोरगा पुन्हा चढाईला. एका पायावर तोल सांभाळणं, टाचा उचलणं, मांडीची ताकद दुसऱ्या पायाइतकी होणं, यातलं काहीच झालेलं नसतं. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका बराच जास्त असतो, हे नॉर्वेतल्या अभ्यासात २०१६ मध्येच दिसलं आहे.

मंडळांच्या प्रशिक्षकांना कळकळीची विनंती: मुरगळलेल्या पायावर चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे काढून घ्या. आणि ऑपरेशन झालेल्या मुलाला, स्पर्धा कितीही मोठी असो, नऊ महिन्यांआधी मैदानात उतरवू नका.