तिसरी पिन शोभेची नव्हे

तीन पिनांचा प्लग बोर्डात बसत नाही म्हणून वरची जाड पिन कापून टाकायची, ही सवय आपल्या बाजारात जुनी आहे. आमच्या कापड दुकानातही हीच गफलत झाली होती. एके दिवशी इस्त्रीला हात लागताच कारागीर दूर फेकला गेला. सुदैवाने जीव वाचला. त्यानंतर आम्ही जे समजून घेतले, ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

इस्त्री, कूलर किंवा मोटरच्या आतील तार झिजून पत्र्याला टेकली की सारा पत्रा 230 व्होल्टचा होतो. तिसरी पिन या पत्र्याला जमिनीशी जोडते. प्लग लावताना ती आधी जोडली जावी व काढताना शेवटी सुटावी, म्हणून ती लांब असते. अर्थिंग चांगले असेल तर प्रवाह तारेतून जमिनीत जातो व फ्यूज उडतो. नसेल तर तोच प्रवाह हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो.

काही जण म्हणतात, "एमसीबी बसविला आहे, मग काळजी कसली?" एमसीबी तारेला वाचवितो, माणसाला नव्हे. 6 अँपिअरचा एमसीबी 6000 मिलिअँपिअरपर्यंत गप्प राहतो; छातीतून 50 मिलिअँपिअर गेले तरी जीव जाऊ शकतो. त्यातून छत्रपती संभाजीनगरची जमीन काळ्या खडकाची. उन्हाळ्यात ती कोरडी पडते, अर्थिंग कमजोर होते, आणि कूलरही नेमके तेव्हाच चालतात. म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावाच. त्यावरील टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

जुन्या घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली आढळते. पाइप प्लास्टिकचा झाला की ते अर्थिंग संपले. सॉकेटमध्ये न्यूट्रल व अर्थ एकत्र जोडणे तर त्याहून घातक. न्यूट्रल तुटताच पत्र्यात वीज येते.

तेव्हा परवानाधारक वायरमनकडून हिरवी तार प्रत्येक सॉकेटपासून खड्ड्यापर्यंत तपासून घ्यावी, अर्थिंग मोजून घ्यावे व उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालावे. कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढावा. हा खर्च मालाच्या एका गठ्ठ्याइतकाही नाही. दुकानात राबणाऱ्या माणसाच्या जिवाचा हिशेब मात्र कोणत्याही वहीत बसत नाही.