निळा धूर काय सांगतो?

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची मळणी जोरात असते. रिसोडपासून कारंज्यापर्यंत कोणत्याही गावी जा, ट्रॅक्टरला जोडलेले थ्रेशर घरघरताना दिसेल. त्यातले काही ट्रॅक्टर वीस-पंचवीस वर्षांचे जुने असतात. सायलेन्सरमधून निळसर धूर निघू लागला की जाणती माणसे म्हणतात, "इंजिन ऑइल खाते आहे. खोला, रिंगा बदला." हे काम खर्चाचे, शिवाय ऐन हंगामात ट्रॅक्टर बसून राहतो. पण दोष रिंगांचाच आहे, हे कशावरून? धुराचा रंग आणि धूर निघण्याची वेळ नीट पाहिली तर इंजिन न खोलताही पुष्कळ उलगडा होतो. तो कसा, ते पाहू या.

प्रथम रंग. काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन. इंजिनात डिझेल जास्त आणि हवा कमी पडली की तो होतो. थंडीत सकाळी इंजिन सुरू करताना थोडा पांढरा धूर येतो, तो न जळलेल्या डिझेलच्या थेंबांचा. मात्र इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल, तर पाणी आत शिरत असावे. निळा धूर हा वंगणाचा, म्हणजे इंजिन ऑइलचा.

पण ऑइल तर निळे नसते! मग धूर निळा का? अर्धवट जळालेल्या ऑइलचे अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगतात. प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान असलेले कण निळा प्रकाश तांबड्यापेक्षा सुमारे चौपट विखुरतात. लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये याच नियमाने आकाशाच्या निळेपणाचा उलगडा केला. पेलाभर पाण्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाका आणि अंधारात बॅटरीचा झोत सोडा. बाजूने पाहिल्यास पाणी निळसर दिसेल, झोताच्या समोरून पाहिल्यास तांबूस. धुराचेही तसेच आहे. म्हणून तो गर्द झाडाच्या पार्श्वभूमीवर पाहावा.

आता ऑइल जळते किती, याचा हिशेब करू. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन जळते. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ७५० वेळा ज्वलन होते. दर वेळी अवघे १ घन मिलिमीटर ऑइल जळाले असे धरा. तासाला ४५,००० घन मिलिमीटर, म्हणजे ४५ मिलिलिटर झाले. तीन सिलिंडरांच्या ट्रॅक्टरमध्ये दहा तासांत १३५० मिलिलिटर! गळती डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक असली तरी डबा रिकामा होतो, तो असा.

हे ऑइल ज्वलनाच्या जागी पोहोचते कोठून? मुख्य वाटा तीन.

पहिली वाट खालून. दट्ट्यावर, म्हणजे पिस्टनवर, रिंगा बसवलेल्या असतात. वरच्या रिंगा दाब अडवतात, खालची रिंग भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून खाली ढकलते. रिंगा किंवा लायनर झिजले की ऑइल वर राहते आणि जळते. त्याच फटीतून तापलेला वायूही खाली उतरतो. मेकॅनिक याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. अशा इंजिनाच्या ब्रीदर नळीतून धुराचे भपकारे येतात, ओढ कमी होते आणि बोजा पडला की निळा धूर वाढतो.

दुसरी वाट वरून. झडपेचा दांडा ज्या गाइडमध्ये सरकतो तो झिजला, की रात्रभर ऑइल हळूहळू खाली झिरपते. सकाळी पहिला भपकारा निळा येतो आणि थोड्या वेळात धूर निवळतो. जुन्या पेट्रोल जीपमध्ये आणखी एक खूण दिसते. पातूरचा घाट उतरताना चालक ॲक्सिलरेटर सोडतो. इंजिनात जाणारी हवा अडते, आतला दाब घटतो आणि बाहेरचा वातावरणीय दाब ऑइलला गाइडमधून आत ढकलतो. उताराच्या शेवटी ॲक्सिलरेटर दाबताच निळा लोट निघतो.

तिसरी वाट अगदी साधी, म्हणून विसरली जाते. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांच्या एअर क्लीनरच्या वाटीत ऑइल असते. हवा त्यावरून जाते आणि धूळ ऑइलात अडकते. या वाटीत खुणेपेक्षा जास्त ऑइल ओतले तर ते हवेबरोबर इंजिनात ओढले जाते. इंजिनातच ऑइल खुणेच्या वर भरले तरी धूर होऊ शकतो. या दोन्ही गोष्टी पाहायला पैसाही लागत नाही!

शंका उरलीच तर मेकॅनिक कॉम्प्रेशनचा दाब मोजतो. दाब कमी भरला तर सिलिंडरमध्ये थोडेसे ऑइल सोडून पुन्हा मोजतो. ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवते. म्हणून दाब वाढला तर दोष रिंगांत किंवा लायनरमध्ये. वाढला नाही तर झडपा अथवा गॅस्केट तपासावे लागते.

रिंगा झिजतात मुख्यतः धुळीने, आणि मळणीच्या जागी धुळीला काय तोटा! दट्ट्या आणि भिंत यांच्यामधला ऑइलचा थर काही मायक्रॉनच जाडीचा असतो. त्याहून मोठा धूलिकण आत शिरला की पॉलिश कागदासारखा घासत राहतो. म्हणून मळणीच्या दिवसांत एअर क्लीनर रोज पाहावा, त्याची रबरी नळी चिरलेली नाही ना हेही तपासावे.

राजदूतसारख्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. त्यांचा थोडा निळा धूर हा बिघाड नव्हे.

घरी जुना ट्रॅक्टर असेल तर एक वही करा. ऑइल खुणेपर्यंत भरल्यावर मीटरवरील तास लिहा. दहा तासांनी खुणेपर्यंत यायला किती ऑइल लागले ते मोजा. धूर सकाळी दिसतो की ओझ्याखाली, हेही टिपा. जमिनीवर ऑइलचे डाग आहेत का पाहा, कारण काही वेळा ऑइल जळत नसते, नुसते गळत असते. हे सारे करताना धुरात उभे राहू नका आणि थ्रेशरच्या फिरत्या शाफ्टजवळ मुळीच जाऊ नका. ही वही हाती असली म्हणजे इंजिन खोलायचे की वाटीतले जादा ऑइल काढून टाकायचे, हा निर्णय अंदाजावर सोडावा लागणार नाही.